प्रसूतिगृहातून घराकडे

ठाणे खाडीच्या पूर्वेस सिडकोने १९७० पासून जे नवे नगर वसविण्यास आरंभ केला, त्यातील नेरूळ या विभागात आज जन्मास येणारे जवळजवळ प्रत्येक मूल इस्पितळाच्या छताखाली पहिला श्वास घेते, आणि ही गोष्ट इतकी नित्याची झाली आहे की तिच्यामागे केवढे स्थित्यंतर घडून गेले याचा विचार कोणी सहसा करीत नाही. सारसोळे, कुकशेत, शिरवणे, दारावे, करावे आणि मूळचे नेरूळ या आगरी-कोळी गावांतील वृद्ध स्त्रियांपाशी घटकाभर बसले, तर आपण घरातल्याच आडोशाच्या खोलीत, सुईणीच्या हातून बाळंत झालो असे सांगणाऱ्या आजही भेटतात. त्यांच्या नातींची नावे मात्र दिवस राहिल्याचे कळताच दवाखान्याच्या दप्तरात दाखल होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पहिली फेरी १९९२-९३ साली झाली तेव्हा भारतातील जेमतेम चतुर्थांश प्रसूती इस्पितळांत होत असत; २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ते प्रमाण ८९ टक्क्यांच्या घरात गेले, आणि महाराष्ट्रात तर ते ९५ टक्क्यांच्या आसपास आढळले.

या स्थित्यंतराची किंमत ज्यांनी आपल्या आयुष्याने मोजली त्यांत आनंदीबाई जोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि वैद्यकीय साहाय्याच्या अभावी ते दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातून वैद्यकशास्त्र शिकण्याचा संकल्प दृढ होऊन त्या अमेरिकेस गेल्या, आणि १८८६ साली पेन्सिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांच्या उपचारांसाठी कामा इस्पितळ सुरू झाले. पुढील वर्षीच पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. परंतु प्रसूतीच्या वेळी जाणत्या हातांचे साहाय्य हा प्रत्येक स्त्रीचा हक्क आहे, हा विचार त्यांच्यामागे रुजत गेला आणि आज तो निर्विवाद मानला जातो.

इतके मान्य केल्यानंतरही एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला अगत्याचे वाटते. इस्पितळाने बाळंतपणातले दोन-तीन अथवा पाच-सात दिवस आपल्या अंगावर घेतले. सव्वा महिन्यातले उरलेले सगळे दिवस पूर्वीप्रमाणेच घरावर राहिले. पूर्वी हे दिवस पेलण्यासाठी घरात सासू, जावा, नणंदा, माहेरची आई आणि शेजारच्या चार जाणत्या बायका असत. आता नेरूळच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत पती, पत्नी आणि पाहुणी म्हणून आलेली एखादी आजी एवढाच परिवार असतो, आणि त्यातही पतीची रजा आठवड्याभरात संपते. म्हणून पूर्वतयारीचा विचार करताना प्रसूतीच्या दिवसापेक्षा त्यानंतरच्या दिवसांकडे अधिक लक्ष पुरविले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे घडते ते नेमके उलट : नऊ महिने सारे घर 'तारीख कोणती दिली' याच एका प्रश्नाभोवती फिरते, आणि घरी परतल्यावर पहिल्या रात्री बाळ रडू लागले म्हणजे काय करावे हे कोणालाच ठाऊक नसते.

त्या तारखेविषयीही थोडे सांगावयास हवे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, मोजून ती काढलेली असते आणि पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून तिची खातरजमा केली जाते. परंतु नेमक्या त्या दिवशी जन्मणारी मुले थोडीच असतात. ३७ आठवडे पूर्ण झाले की दिवस भरत आले असे समजून घराने सज्ज राहावे, हा सुरक्षित शिरस्ता होय.

इस्पितळाची निवड नेरूळकरांना त्या मानाने सुकर आहे. नवी मुंबई महानगरपालिकेचे मीनाताई ठाकरे रुग्णालय नेरूळमध्येच आहे, डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, पालिकेचे सार्वजनिक रुग्णालय वाशीस आहे, आणि खासगी प्रसूतिगृहे तर प्रत्येक सेक्टरात आढळतात. निवड करताना भिंतींचा रंग आणि खोलीतील सजावट पाहण्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत : मध्यरात्री शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती वेळात हजर होतो, रक्त कोठून येते, आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवण्याची गरज पडली तर ती सोय याच इमारतीत आहे की अन्यत्र हलवावे लागते. या प्रश्नांची उत्तरे जेथे संकोचाविना मिळतात तेथे नाव घालावे. खर्चाची विवंचना असणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये शासकीय रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, वास्तव्यातील भोजन आणि घरापर्यंतचे वाहन हे सर्व विनामूल्य देण्याची तरतूद आहे. ती कृपा नसून हक्क आहे. तेव्हा तो मागताना कोणी मान खाली घालण्याचे कारण नाही.

आठव्या महिन्यात, डोहाळजेवणाची गडबड ओसरल्यावर, पतिपत्नींनी आणि घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा निवांत बसून काही गोष्टींचा निर्णय करून ठेवावा. गर्भवतीचा रक्तगट कोणता; तो आरएच निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत तिला अँटी-डीचे इंजेक्शन मिळालेच पाहिजे, ही गोष्ट घरातल्या कोणाच्या लक्षात राहणार; हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ते वाढविण्यास अद्याप किती अवधी आहे; अडचणीच्या प्रसंगी रक्त देण्यास कोण येऊ शकेल; रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र हा की, डॉक्टर शस्त्रक्रियेचा निर्णय सांगतील तेव्हा होकार कोण देणार. प्रसूतिकक्षाबाहेर बाळाच्या ठोक्यांची गती मंदावली असल्याचे सिस्टर सांगत आहेत, आणि इकडे जावई साताऱ्याला सासऱ्यांशी, सासरे गावच्या वैद्यांशी भ्रमणध्वनीवर सल्लामसलत करीत आहेत, हे दृश्य या उपनगरात नवे नाही. त्या क्षणी मिनिटांना मोल असते. पहिला होकार त्या स्त्रीचा स्वतःचा असावा, आणि तो देण्याइतकी माहिती तिला आधीच मिळालेली असावी. तिच्यासोबत प्रसूतिकक्षात एक विश्वासू स्त्री राहू शकेल का, हेही याच वेळी विचारून घ्यावे; केंद्र शासनाने २०१६ साली सार्वजनिक रुग्णालयांत अशा सोबतिणीस मुभा दिली आहे, आणि कळा सोसताना ओळखीचा हात हातात असणे ही वेदनाशामक औषधाइतकीच मोलाची गोष्ट आहे.

पिशवीविषयी फार लिहिण्याजोगे काही नाही. तपासणीची फाइल, सोनोग्राफीचे अहवाल, ओळखीचे दस्तऐवज व विम्याचे कागद एका पाकिटात; आईसाठी समोरून उघडणारे दोन-तीन गाऊन, सॅनिटरी पॅड, एक शाल; बाळासाठी झबली, टोपडी, लंगोट आणि दुपटी. दुपटी विकत आणण्यापेक्षा आजीच्या जुन्या सुती लुगड्यांची करावीत. वर्षानुवर्षांच्या धुण्याने त्या कापडातली खळ संपूर्ण निघून गेलेली असते, धागा विरत आलेला असतो, आणि नवजात बालकाच्या सालीसारख्या पातळ त्वचेला त्याच्याइतका मऊ स्पर्श दुकानातल्या कोणत्याही नव्या वस्त्राचा नसतो. मात्र ती पुन्हा एकदा उकळत्या पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवावीत, पावसाळ्याचे दिवस असतील तर दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवावी. दुधाची बाटली आणि दुधाच्या भुकटीचा डबा पिशवीत मुळीच ठेवू नये.

निघण्याची वेळ ओळखणे ही खरी परीक्षा. पोट ताठून सुटते, पुन्हा ताठते, परंतु अंतर अनियमित असते आणि कूस बदलली की वेदना शमते, तोवर त्या खोट्या कळा समजाव्यात. पाठीतून पोटाकडे येणाऱ्या, क्रमाने वाढत जाणाऱ्या आणि पाच-पाच मिनिटांनी हटकून येणाऱ्या कळा सुरू झाल्या म्हणजे निघावे. पाणी गेले असेल तर कळांची वाट पाहू नये. त्या पाण्यास हिरवट छटा असेल, लालभडक रक्तस्राव होत असेल, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली असेल, किंवा डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तास-अर्धा तासही न दवडता इस्पितळ गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि गर्भवती व नवजातांसाठी १०२ हे क्रमांक दाराच्या आतल्या बाजूस मोठ्या अक्षरांत लिहून लावावेत. नेरूळचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग लोहमार्गाने पडले आहेत आणि पावसाळ्यात सायन-पनवेल महामार्गावर उरण फाट्यापाशी वाहने खोळंबतात. तेव्हा कोणत्या वाटेने जावयाचे हे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

जन्मानंतरचा पहिला तास हा बाळाच्या साऱ्या आयुष्यातील अत्यंत मोलाचा काळ होय. बाळ रडले, श्वास सुरळीत झाला, की त्याला पुसून, कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे; नाळेतील स्पंदन चालू असताना ती घाईने न कापता किमान एक मिनिट थांबल्यास बाळाच्या शरीरात अधिक रक्त, आणि त्यासोबत पुढील काही महिन्यांस पुरेल इतके लोह जाते. आईच्या अंगाच्या उबेत बाळ स्वतःच स्तनाचा शोध घेऊ लागते. पहिले दोन-तीन दिवस जो पिवळसर, दाट चीक येतो तो चमचा-दोन चमचेच असतो, आणि म्हणून 'दूधच नाही' अशी ओरड घरात सुरू होते. वस्तुतः त्या दिवसांत बाळाला लागतो तेवढाच तो असतो, आणि रोगप्रतिकारक द्रव्यांनी तो इतका संपन्न असतो की बाळाची पहिली लस म्हणूनच त्याकडे पाहावे. मध, साखरेचे पाणी, घुटी यांतले काहीही बाळाच्या जिभेवर ठेवू नये. मधातून येणारा विषारी जंतुसंसर्ग वर्षाच्या आतील बालकास प्राणघातक ठरू शकतो. सिझेरियन झालेल्या मातेसही पहिल्या तासात, परिचारिकेच्या साहाय्याने, बाळाला पाजता येते. भुकटीच्या दुधाची शिफारस कोणी विनाकारण करील तर १९९२ च्या कायद्याने अशा दुधाच्या जाहिरातीस व प्रचारास बंदी आहे, हे स्मरणात असावे. जी बालके अपुऱ्या दिवसांची जन्मतात आणि ज्यांच्या मातांना दूध येत नाही, त्यांच्यासाठीही मातृदुग्धाची तजवीज होऊ शकते : खाडीपलीकडे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी स्थापन केली.

इस्पितळ सोडण्यापूर्वी बाळाला बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि काविळीची 'ब' लस मिळाली काय, यांपैकी शेवटची जन्मानंतर २४ तासांच्या आत दिली काय, जीवनसत्त्व 'के'चे इंजेक्शन झाले काय, हे कार्डावर पाहून घ्यावे. बाळाने २४ तासांत शी आणि ४८ तासांत लघवी केली असली पाहिजे. जन्मवेळचे वजन आणि घरी निघतानाचे वजन दोन्ही लिहून घ्यावीत. पहिल्या काही दिवसांत दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरणे स्वाभाविक असून दोन आठवड्यांत ते भरून निघते, ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ आया व्यर्थ कष्टी होतात.

येथवरची वाट आखलेली असते. पुढची आपली आपण आखावयाची असते. सिडकोच्या जुन्या इमारती बहुधा तीन-चार मजली, उद्वाहनाविना बांधलेल्या आहेत. पोटावर टाके असलेल्या स्त्रीला चौथ्या मजल्यावर चढून जायचे आहे, याचा विचार आदल्या दिवशीच झाला पाहिजे : प्रत्येक मजल्यावर खुर्ची मांडून ठेवावी, तिच्या हाती बाळ वा पिशवी काही देऊ नये, आणि एकदा वर गेल्यावर दोन आठवडे तरी तिला खाली उतरण्याचे काम पडू नये. उंबरठ्यावर आजी भाकरतुकडा आणि पाणी मायलेकरांवरून ओवाळून टाकते, तो संस्कार मला मनापासून प्रिय आहे. मात्र स्वागतासाठी जमलेल्या साऱ्यांनी त्याच वेळी बाळाला हाती घेण्याचा आग्रह धरू नये. ज्याला घ्यावयाचे असेल त्याने कोपरापर्यंत साबणाने हात धुवावेत, सर्दी-खोकला असलेल्याने दुरून पाहावे. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी केवळ हात धुण्याच्या सक्तीने प्रसूतिकक्षातील मातांचे मृत्यू झपाट्याने खाली आणले. घराने त्याबाबत इस्पितळाहून ढिलाई दाखविण्याचे कारण नाही.

घरात सांभाळलेले बाळ खरोखरच वाचते याचा पुरावा महाराष्ट्रानेच जगाला दिला आहे, आणि तो एखाद्या महानगराने नव्हे, गडचिरोलीने दिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेथील ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजातांची घरोघर निगा राखण्याचे शिक्षण दिले. या स्त्रिया बाळाला उबदार ठेवणे, स्तनपानास साहाय्य करणे, श्वास मोजणे आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून उपचार करणे ही कामे करीत, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. याच पद्धतीच्या आधारे पुढे देशभर आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटी सुरू झाल्या : इस्पितळात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ज्या इमारतीत आशाताई पोहोचत नाहीत, तेथे हेच सहा दिवस दिनदर्शिकेवर खुणा करून घरातल्या एखाद्या जबाबदार माणसाने स्वतः पाळावेत, बाळाला उघडे करून नीट पाहावे आणि काय पाहिले ते वहीत नोंदवावे.

काय पाहावे, ते येथे तपशिलाने सांगतो. बाळ २४ तासांत आठ ते बारा वेळा पिते काय. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाकाठी सहा तरी लंगोट ओले होतात काय. दूध ओढणे मंदावले, रडण्याचा आवाज क्षीण झाला, हातपाय गळल्यासारखे वाटू लागले, अंग गार किंवा तापलेले लागले, शांत निजले असता मिनिटाला ६० वा अधिक श्वास मोजले गेले, श्वासागणिक फासळ्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर दिसून आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते ती बहुधा निरुपद्रवी. परंतु पहिल्या २४ तासांतच दिसलेली, किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे, आणि त्यांनी बाळाला दिव्याखाली ठेवण्यास सांगितले तर शंका काढू नये. सकाळचे कोवळे ऊन हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता आजीच्या शास्त्राविषयी. त्यातले पुष्कळ जतन करण्याजोगे आहे. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाजरीची ऊन भाकरी आणि वर तुपाची धार यांनी बाळंतिणीची झीज भरून निघते. तिला सव्वा महिना कामातून सोडविणारी रूढी तर कोणत्याही शहाण्या डॉक्टरने स्वतः सांगावी अशी आहे. परंतु तिला पाणी कमी देणे, फळे-भाज्या वर्ज्य करणे हे चूक. पाजणाऱ्या स्त्रीची तहान वाढलेलीच असते. शेक-शेगडी आणि ओवा-बाळंतशोपांची धुरी हा प्रघात वाऱ्याच्या, उंच छपराच्या घरात कदाचित खपून गेला असेल. खिडक्या लावून घेतलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत पेटत्या निखाऱ्यांचा विषारी वायू आणि धूर साचून मायलेकरांच्या जिवावर बेतू शकते. धुरी बंद करावी, हे मी निःसंदिग्धपणे सांगतो. हलक्या हाताचे तेल लावणे चालेल. नाकाकानांत तेल सोडणे, नाळेला हळद वा राख लावणे, डोळ्यांत काजळ घालणे चालणार नाही. नाळ कोरडी व उघडी ठेवली की ती आपोआप गळते. बाळाला निजविताना उताणे, टणक गादीवर, तोंडाजवळ उशी वा गोधडी न ठेवता निजवावे. आजीला हे सारे सांगताना 'आई, डॉक्टरांनी सांगितलंय' एवढेच म्हणून न थांबता तिला आठव्या महिन्यातल्या तपासणीलाच सोबत न्यावे, तिच्या शंका डॉक्टरांपुढे तिच्याच तोंडून निघू द्याव्यात. आपल्या अनुभवाचा मान राखला गेल्याचे दिसले की ती जुन्यातले बरेच काही आपण होऊन सोडते.

बाळाच्या कौतुकात आई विसरली जाते, हे मला फार खुपते. तासाभरात पॅड भिजून जाईल इतका रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पोटरीत एका बाजूस सूज व ठणका, छातीत दुखणे, असह्य डोकेदुखी ही चिन्हे प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत केव्हाही उद्भवू शकतात. लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतरही सहा महिने चालू ठेवाव्या लागतात. पहिल्या काही दिवसांतला रडवेपणा आठवडाभरात निवळतो. तो दोन आठवडे उलटूनही हटला नाही, झोप उडाली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली, तर ते नाटक नव्हे आणि लाडही नव्हेत, तो आजार आहे व तो बरा होतो. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अशा वेळी उपयोगी पडतो. नोकरी करणाऱ्या स्त्रियांना २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आहे, आणि तिची परंपरा १९२९ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यापर्यंत मागे जाते, ज्याच्या विधेयकाचे समर्थन डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात केले होते. प्रसूतीपूर्वी यातले आठच आठवडे घेता येतात. प्रकृती साथ देत असेल तर त्यांतलेही काही राखून ठेवून नंतरच्या काळास जोडावेत.

जन्माची खबर २१ दिवसांच्या मुदतीत निबंधकाकडे देण्याची जबाबदारी १९६९ च्या कायद्याने इस्पितळावरच टाकलेली आहे. तथापि आईवडिलांच्या नावांची अक्षरे व पत्ता बिनचूक उतरला आहे की नाही हे निघण्यापूर्वी स्वतः वाचून पाहावे, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला दाखवावा लागणार आहे. बारशापर्यंत नाव ठरले नसेल तरी नोंद अडत नाही. नाव पुढे एका वर्षापर्यंत विनाशुल्क घालता येते. सहाव्या आठवड्यात बाळाच्या पुढील लसी असतात. त्याच दिवशी आईचीही तपासणी करून घ्यावी, टाके, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहावे, आणि पुढच्या मुलापर्यंत तीन वर्षांचे अंतर कोणत्या साधनाने राखावयाचे याचा निर्णय डॉक्टरांसमक्ष पतिपत्नींनी एकत्र बसून करावा.